मदरबोर्डचा रेड की सॉफ्टवेअरचा?

डेस्कटॉपमधल्या दोन किंवा अधिक डिस्क एकत्र बांधून त्यांचा संच करायचा तर दोन वाटा असतात. पहिली मदरबोर्डच्या बायॉसमधून जाते. तिथे साटाचा मोड एएचसीआयवरून रेडवर न्यायचा, यंत्र पुन्हा सुरू करायचे आणि निर्मात्याने दिलेल्या छोट्या पडद्यावर डिस्क निवडायच्या. दुसरी वाट ऑपरेटिंग सिस्टिममधून जाते. लिनक्समध्ये एमडी, विंडोजमध्ये स्टोरेज स्पेसेस किंवा जुन्या डायनॅमिक डिस्क हे काम करतात. स्वतःचा प्रोसेसर, मेमरी आणि बॅटरी असलेले स्वतंत्र कार्ड हा तिसरा मार्ग सर्व्हरच्या जगातला आहे; एका डेस्कटॉपपुरता त्याचा खर्च क्वचितच वसूल होतो. नव्याने निवड करणारा बहुधा वेगाबद्दल विचारतो. अशी यंत्रे वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याला मात्र आधी हे जाणून घ्यायचे असते, की उद्या मदरबोर्ड जळाला तर या डिस्क कुठे आणि कशा उघडतील.

रेडची कल्पना बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडली. महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा संच वापरावा आणि त्यातली एखादी बिघडली तरी माहिती वाचावी, असा तिचा गाभा होता. डेस्कटॉपवर तिचे दोनच प्रकार खरोखर चालतात. रेड १ म्हणजे मिरर. प्रत्येक गोष्ट दोन्ही डिस्कवर जशीच्या तशी लिहिली जाते. रेड ० मध्ये माहितीचे तुकडे आलटून पालटून दोन डिस्कवर जातात, वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळेच जाते. चार डिस्कची पेटी बाळगणारे रेड ५ किंवा १० कडे वळतात. असे डेस्कटॉप थोडेच.

मदरबोर्डवर रेड असे छापलेले असले, तरी तिथे रेडचे काम करणारा वेगळा प्रोसेसर बसवलेला नसतो. चिपसेटमध्ये नेहमीचाच साटा कंट्रोलर असतो आणि बायॉसमध्ये एक छोटा प्रोग्रॅम. यंत्र सुरू होताना हा प्रोग्रॅम दोन डिस्क जोडून एकच डिस्क असल्यासारखे दाखवतो, म्हणजे बूटलोडरला सिस्टिम वाचता येते. सिस्टिम वर आली की सूत्रे तिच्या ड्रायव्हरकडे जातात आणि पुढची सगळी मेहनत मुख्य सीपीयू करतो. हे उघड करणारा एक प्रसंग २००० सालाच्या आसपास पीसी जुळवणाऱ्यांत गाजला होता. प्रॉमिस कंपनीच्या अल्ट्रा६६ या साध्या आयडीई कार्डावर एक रेझिस्टर डाखवून आणि त्यातला बायॉस बदलून त्याचे महागडे फास्टट्रॅक६६ रेड कार्ड करता येत असे. दोन्ही कार्डांवरची चिप एकच होती, फरक सॉफ्टवेअरचा होता. पुढे २००३ मध्ये इंटेलच्या आयसीएच५आर या चिपने हीच सोय थेट मदरबोर्डवर आणली, एनव्हिडियाच्या एनफोर्सने आणली, एएमडीनेही आणली. या प्रकाराला ‘फेक रेड’ म्हणण्याची प्रथा पडली. नाव कठोर आहे, कारण माहिती खरोखरच दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. फसगत होते ती, एवढ्यावरून आपल्याकडे हार्डवेअर रेड आहे असे समजणाऱ्याची.

म्हणजे दोन्ही वाटा सॉफ्टवेअरच्याच. संचाची रचना डिस्कवर कोणत्या पद्धतीने नोंदवली जाते आणि ती नोंद आणखी कोणाकोणाला वाचता येते, हा त्यांच्यातला खरा भेद.

वेगाचा मुद्दा म्हणून लवकर मिटतो. मिररमध्ये गणित नसतेच. एकच गोष्ट दोनदा लिहायची असते. रेड ५ मध्ये पॅरिटीसाठी एक्सॉर करावे लागते आणि जुन्या पेंटियमच्या काळात तो भार जाणवत असे. आज लिनक्सचा कर्नल रेडचे मॉड्यूल चढवताना सीपीयूवर वेगवेगळ्या पद्धती चालवून बघतो आणि त्यांचे आकडे नोंदवहीत लिहून ठेवतो. साध्या डेस्कटॉपवरही हे आकडे सेकंदाला अनेक गिगाबाइटचे असतात. फिरणारी डिस्क दीडदोनशे मेगाबाइटच्या पुढे फारशी जात नाही, तेव्हा खोळंबा गणितामुळे होत नाही. रेड ५ मंद वाटतो तो लहान लिखाणामुळे: जुनी माहिती वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. सर्व्हरचे कार्ड बॅटरीच्या आधाराने हे लिखाण आपल्या मेमरीत धरून ठेवते आणि सवडीने उतरवते. मदरबोर्डवर अशी बॅटरी नसते. तरीही इंटेलच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये राइट-बॅक कॅश चालू करण्याची सोय आहे, आणि ती केली की अजून डिस्कवर न उतरलेली माहिती साध्या रॅममध्ये राहते. जिथे दुपारी केव्हाही लाइट जाते अशा तालुक्याच्या गावात, यूपीएस नसलेल्या यंत्रावर ही सोय चालू ठेवणे धोक्याचे आहे. वेगाच्या चाचणीत मिळालेला चांगला आकडा त्या जोखमीची भरपाई करत नाही.

आता मदरबोर्ड जाण्याचा प्रसंग. फोटो स्टुडिओ, डीटीपीचे दुकान, आर्किटेक्टचे छोटे ऑफिस अशा ठिकाणचे डेस्कटॉप सहासात वर्षे सहज वापरले जातात. मदरबोर्ड बिघडेपर्यंत तसाच मदरबोर्ड बाजारातून गेलेला असतो, सॉकेटसुद्धा बदललेले असते. डिस्क मात्र शाबूत असतात. अशा वेळी संच कोणत्या प्रकारचा होता त्यावर पुढचे सगळे ठरते.

मिरर असेल तर बहुधा निभावते. इंटेलची पद्धत संचाची नोंद डिस्कच्या अगदी शेवटच्या भागात ठेवते. आधीचा सगळा भाग साध्या डिस्कसारखाच असतो. त्यामुळे मिररमधली एक डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला साध्या एएचसीआय मोडमध्ये लावली तरी पार्टिशन दिसतात आणि फायली निघतात. मात्र ती फक्त वाचण्यासाठी उघडावी. उघडून तिच्यावर काही लिहिले गेले आणि नंतर दोन्ही डिस्क पुन्हा एकत्र लावल्या, तर संचाला हा बदल कळत नाही. दोन प्रती वेगळ्या झालेल्या असतात आणि वाचताना कधी ही, कधी ती हाती येते. फाइल सिस्टिम अशाने हळूहळू कुरतडली जाते आणि कारण शोधायला फार वेळ लागतो.

रेड ० किंवा रेड ५ असेल तर सुटी डिस्क काहीच सांगत नाही. तुकड्याचा आकार, डिस्कचा क्रम आणि सुरुवातीची जागा माहीत असलेला ड्रायव्हर लागतो. इंटेलच्या संचाला इथे एक चांगला आधार आहे: लिनक्समधल्या एमडीएडीएम या साधनाला इंटेलची नोंद वाचता येते. ते सहसा मदरबोर्ड इंटेलच्या रेडचा आहे का हे तपासते, पण एक पर्यावरण-चल देऊन ही तपासणी टाळता येते, आणि मग इंटेलचा संच एएमडीच्या यंत्रावरही उघडतो. पेनड्राइव्हवरचे लिनक्स आणि दोन मोकळे साटा पोर्ट एवढ्यावर काम होते. आपल्या डिस्क अडकल्या असे समजून बसलेल्या किती जणांना हे माहीतच नसते! इतर निर्मात्यांबाबत असा भरवसा देता येत नाही. एनव्हिडिया पीसीच्या चिपसेटमधून बाहेर पडली आणि तिच्या रेडचे ड्रायव्हर मागे राहिले. एएमडीच्या रेडचा ड्रायव्हर अनेक वर्षे लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये नव्हता. त्या संचाला एएमडीचाच मदरबोर्ड शोधावा लागतो, आणि तो मिळाला तरी नव्या पिढीचा बायॉस जुना संच ओळखेलच असे नाही.

मदरबोर्ड न जळताही संच हरवतो, आणि अशी यंत्रे दुरुस्तीला अधिक येतात. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी काही वर्षांनी संपते. रात्री मेन स्विच बंद करण्याची सवय असलेल्या ऑफिसात एका सकाळी बायॉस मूळ स्थितीत जातो. अनेक मदरबोर्डांवर मूळ स्थिती म्हणजे एएचसीआय. मग विंडोज निळ्या पडद्यावर बूट डिस्क मिळत नसल्याचे सांगते, किंवा मिररच्या दोन डिस्क वेगवेगळ्या दिसू लागतात. बायॉस अपडेट केल्यावरही हेच घडते. पहिली तपासणी साटाच्या मोडची करावी, कोणत्याही डिस्कला हात लावण्याआधी. मोड परत रेडवर नेला की संच बहुतेक वेळा जसाच्या तसा उभा राहतो. घाबरून विंडोज पुन्हा टाकणारा मात्र त्याच संचाचा अर्धा भाग पुसून बसतो. एक आडवळणाची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही मदरबोर्ड आपल्या बायॉसची प्रत डिस्कच्या शेवटच्या भागात लपवून ठेवत आणि त्यासाठी डिस्कची मोजलेली लांबी कमी करून टाकत. संचाची नोंदही नेमकी तिथेच असल्याने डिस्क धडधाकट असूनही संच तुटल्याचे दिसे.

एमडीच्या संचात यातले बरेचसे टळते. लिनक्सच्या कर्नलमध्ये एमडी १९९० च्या दशकापासून आहे, आणि नील ब्राउन यांनी २००१ मध्ये लिहायला घेतलेले एमडीएडीएम आजही त्याचे मुख्य साधन आहे. संचाची नोंद प्रत्येक डिस्कवर असते: संचाची ओळख, डिस्कचे त्यातले स्थान आणि घडामोडींचा एक वाढता आकडा. डिस्क कोणत्या पोर्टला लावली, मदरबोर्ड कोणाचा, साटाची वायर आहे की यूएसबीचा अडॅप्टर, याने काही बिघडत नाही. दोन डिस्कपैकी कोणती मागे पडली आहे ते त्या आकड्यावरून कळते. नव्या यंत्रावर संच कधी वेगळ्या क्रमांकाने उभा राहतो, बहुधा १२७ ने. ते पाहून दचकण्याचे कारण नाही, कॉन्फिगरेशनच्या फायलीत नाव लिहिले की क्रमांक स्थिरावतो. सगळ्यांत मोलाचे म्हणजे या नोंदीची रचना उघड आहे. ती वाचणारा प्रोग्रॅम कोणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही.

तरीही मदरबोर्डचा रेड सरसकट त्याज्य ठरवणे चुकीचे होईल. बूट करण्यात तो खरोखर वरचढ आहे. बायॉसलाच संच कळत असल्याने पहिली डिस्क मेली तरी यंत्र दुसरीवरून सुरू होते. सॉफ्टवेअरच्या मिररमध्ये ही सोय मुद्दाम करून ठेवावी लागते. लिनक्समध्ये ग्रब हा बूटलोडर दोन्ही डिस्कवर बसवायचा, यूईएफआयचे छोटे पार्टिशन दोन्हीकडे ठेवायचे आणि फर्मवेअरमध्ये दोन्हींच्या नोंदी करायच्या. हे राहून गेले तर सगळी माहिती दुसऱ्या डिस्कवर सुरक्षित असूनही यंत्र सुरू होत नाही. विंडोजमध्ये सी ड्राइव्हचा मिरर सॉफ्टवेअरने करणे याहून किचकट आहे. डायनॅमिक डिस्कवर तो होतो, पण यूईएफआय यंत्रावर बूटचे पार्टिशन हाताने दुसऱ्या डिस्कवर उतरवावे लागते, आणि होम आवृत्तीत डायनॅमिक डिस्क मिळतच नाहीत. स्टोरेज स्पेसेसवरून डेस्कटॉपचे विंडोज बूट करता येत नाही. ज्या ऑफिसात विंडोज तासभरही बंद राहून चालत नाही, तिथे इंटेलच्या मदरबोर्डवरचा मिरर ही समजूतदार निवड असू शकते. एकाच संचावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायची असतील तरीही तोच मार्ग राहतो, कारण दोन्हींना समजणारी नोंद तीच. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक यंत्रांत ही व्यवस्था व्हीएमडी या इंटेलच्याच कंट्रोलरच्या आडून चालते. तिथे विंडोज टाकताना ड्रायव्हर पेनड्राइव्हवर जवळ नसेल तर इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही.

विंडोजच्या बहुतेक डेस्कटॉपना याहून सुटसुटीत मांडणी पुरते. सिस्टिम एकाच एसएसडीवर ठेवून तिची पूर्ण इमेज अधूनमधून बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. कामाच्या फायली दोन मोठ्या डिस्कच्या स्टोरेज स्पेसेसमधल्या मिररवर ठेवाव्यात. ही सोय २०१२ च्या विंडोज ८ पासून आहे, होम आवृत्तीतही मिळते आणि दोन्ही डिस्क दुसऱ्या विंडोज यंत्राला लावल्या की संच आपोआप ओळखला जातो. एसएसडी मेली तर सिस्टिम दोनएक तासांत परत येते. बूटच्या मिररसाठी केलेला आटापिटा बहुधा एवढाच वेळ वाचवण्यासाठी असतो.

डेस्कटॉपवरचे मिरर वाया जातात ते या निवडीमुळे फारच कमी. बहुतेक वाया जातात दुर्लक्षामुळे. एक डिस्क मरते, यंत्र चालू राहते आणि कोणालाच पत्ता लागत नाही. मिररचे हेच तर काम आहे, की वापरणाऱ्याला काही जाणवू नये. काही महिन्यांनी दुसरी डिस्क जाते तेव्हा पहिली कधीची बंद पडली होती हे उघड होते. पुरवणाऱ्याने रेड लावून दिला म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाला हे समजावून सांगणे फार जड जाते. इंटेलच्या रेडची सूचना टास्कबारच्या कोपऱ्यातल्या चिन्हात येते, आणि ते चिन्ह विंडोज बाणाच्या आड लपवते. बायॉसचा पडदा संच बिघडल्याचे सांगतो, पण यंत्र सुरू करून चहाला जाणारा तो पाहत नाही. लिनक्समध्ये एमडीएडीएम मेल पाठवते. मात्र काहीच ठरवले नसेल तर हा मेल यंत्राच्या आतल्याच रूटच्या पेटीत पडतो आणि ती पेटी कोणी उघडत नाही. सूचना माणसापर्यंत पोहोचते का, हे संच उभारल्याच्या दिवशीच तपासावे. एमडीएडीएममध्ये खोटी सूचना पाठवून पाहण्याची सोय आहे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे यंत्र बंद करून एका डिस्कची वायर काढणे आणि पुन्हा सुरू करून काय होते ते पाहणे. बूट होते का, सूचना येते का, वायर परत जोडल्यावर संच पूर्ववत कसा होतो, हे सारे एकदा शांतपणे पाहिलेले असावे.

त्याच दिवशी डिस्कवर चिकटपट्टी लावून तिचा अनुक्रमांक ठळक लिहून ठेवावा. लिनक्समधली एसडीए, एसडीबी ही नावे पुढच्या बूटला अदलाबदल होऊ शकतात. बिघडलेली समजून चांगली डिस्क काढली जाणे, ही जेवढी घडू नये तेवढीच घडणारी गोष्ट आहे.

डिस्कच्या स्वभावाचाही विचार लागतो. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी दोन दोन मिनिटे झगडत राहते, तर लिनक्सचा कर्नल सामान्यतः ३० सेकंदांनी धीर सोडतो. एका खराब सेक्टरसाठी मग अख्खी डिस्क संचाबाहेर फेकली जाते. नॅससाठी विकल्या जाणाऱ्या डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानून चूक कळवतात आणि संच ती माहिती दुसऱ्या डिस्कवरून घेतो. काही डिस्कवर ही मर्यादा स्मार्टसीटीएल या साधनाने लावता येते, पण अनेकदा वीज गेली की ती पुसली जाते, म्हणून सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाकावी. ज्या डिस्कवर ती लागतच नाही, तिच्यासाठी कर्नलची मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवावी. मदरबोर्डच्या रेडमध्ये या बाबतीत हाताशी फारसे काही नसते. शिवाय रेड मोडमध्ये विंडोजवरच्या काही साधनांना डिस्कची स्मार्ट माहितीच दिसत नाही.

न वाचल्या जाणाऱ्या कोपऱ्यातले सेक्टर गुपचूप खराब होतात आणि ऐन रीबिल्डच्या वेळी समोर येतात. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटने भरायला सात तासांहून अधिक लागतात, आणि या सगळ्या वेळात दुसऱ्या डिस्कला पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकल्याशिवाय वाचले जावे लागते. यासाठी संच अधूनमधून पूर्ण वाचून तपासायचा असतो. डेबियनमध्ये ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते, अर्थात त्या दिवशी यंत्र चालू असेल तर. ऑफिसचे यंत्र रविवारी बंदच असते, तेव्हा दिवस बदलून घ्यावा. दोन प्रतींत फरक आढळला तर खरी कोणती, हे मात्र एमडीला ठरवता येत नाही, मदरबोर्डच्या रेडलाही नाही. झेडएफएस आणि बीटीआरएफएस प्रत्येक ब्लॉकची चेकसम ठेवतात, त्यामुळे त्यांच्या मिररला चुकीची प्रत ओळखून दुरुस्त करता येते. फोटोंचे जुने संग्रह सांभाळणाऱ्याने तिकडे जरूर वळावे. बीटीआरएफएसचा रेड ५ आणि ६ तेवढा टाळावा.

रेड ० बद्दल थोडक्यात. मिनिटाला १०,००० फेऱ्या घेणाऱ्या दोन रॅप्टर डिस्क मदरबोर्डवर जोडून गेम वेगाने चढवण्याचा एक काळ होता. आज एक साधी एनव्हीएमई एसएसडी त्या जोडीला कितीतरी मागे टाकते, तेव्हा डेस्कटॉपवर त्यासाठी माहिती पणाला लावण्याचे कारण उरलेले नाही.

संच बॅकअपची जागा घेत नाही, हे सगळे जाणतात आणि तरी विसरतात. चुकून पुसलेली फाइल मिरर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसतो, रॅन्समवेअरने कुलूप लावलेली फाइलही दोन्हीकडे लिहितो. मिररमुळे काम थांबत नाही. गेलेले परत आणायला यंत्रापासून वेगळी ठेवलेली प्रतच लागते.

आधीच मदरबोर्डच्या मिररवर असलेल्या यंत्राचे काय? ते चालू असेल आणि मदरबोर्ड इंटेलचा असेल, तर केवळ तत्त्वासाठी ते मोडण्याची गरज नाही. सूचना पोहोचते का ते पाहावे, बॅकअप घ्यावा, आणि बायॉसमध्ये साटाचा मोड कोणता आहे हे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवावे. डिस्क बदलण्याची वेळ आली की बदल करावा. लिनक्समध्ये नव्या डिस्कवर एकाच डिस्कचा अपुरा एमडी संच उभारता येतो. माहिती तिकडे उतरवून, तपासून, मग दुसरी डिस्क त्यात घालायची. जुनी डिस्क पुन्हा वापरायची असेल तर तिच्या शेवटची जुनी नोंद आधी पुसावी लागते, नाहीतर इन्स्टॉलर तिला अजूनही जुन्या संचाचाच भाग समजतो. विंडोजमध्ये मोड रेडवरून एएचसीआयवर नेण्याआधी पुढचे बूट सेफ मोडमध्ये होईल असे ठरवून घ्यावे. त्या एका बूटमध्ये विंडोज एएचसीआयचा ड्रायव्हर चढवून घेते आणि पुढच्या वेळी नेहमीसारखे सुरू होते.